पापणी दोन मिनिटांत वर कशी येते?

खडकी म्हणजे 1869 पासूनचा दारूगोळा कारखाना, छावणी, लष्करी रुग्णालय आणि अर्थातच पेन्शनर. मायस्थेनिया ग्रेव्हिस हा स्नायू लवकर दमवणारा आजार पुरुषांना गाठतो तो बहुधा साठीनंतरच, म्हणून अशा वस्तीत त्याची ओळख असलेली बरी. सकाळी सगळे ठीक असते. संध्याकाळी एक पापणी खाली येते, एकाचे दोन दिसतात, जेवताना जबडा दमतो. 1984 मध्ये अमिताभ बच्चन यांना हा आजार झाला तेव्हा त्याचे नाव घरोघरी पोचले, पण तो होतो कसा हे काही पोचले नाही. त्यामुळे रक्ताच्या अहवालात ‘टायटिन प्रतिपिंडे पॉझिटिव्ह’ असे आले की घरात एकच निष्कर्ष निघतो: शरीर स्वतःचेच स्नायू खात सुटले आहे. पुष्कळदा डॉक्टरही घाईत तेच सांगून मोकळे होतात.

हा पूर्वपक्ष अगदीच पोकळ नाही. टायटिन हे माणसाच्या शरीरातले सर्वांत मोठे प्रथिन. स्नायूतंतू ताणला की त्याला पूर्ववत आणणारे. त्यावरच प्रतिपिंडे सापडल्यावर दुसरे कारण शोधायचे कशाला? शिवाय शोधाचा क्रमही याच पक्षाला अनुकूल. रुग्णांच्या रक्तात स्नायूच्या आडव्या पट्ट्यांना चिकटणारी प्रतिपिंडे आर्थर स्ट्रॉस आणि सहकाऱ्यांना 1960 मध्येच दिसली होती. त्यांतली काही टायटिनवर रोखलेली असतात, हे नॉर्वेतल्या बर्गेनच्या आर्ली यांच्या गटाने 1990 मध्ये दाखवले.

आता बर्फाची चाचणी पाहा. हातमोज्यात बर्फ भरून पडलेल्या पापणीवर दोन मिनिटे धरायचा. मायस्थेनिया असेल तर पापणी पुष्कळदा दोन मिलिमीटर किंवा त्याहून जास्त वर येते. कुरतडून नष्ट झालेला स्नायू दोन मिनिटांत उठून बसेल काय? स्नायू खरोखर मोडतो त्या आजारांत, उदाहरणार्थ पॉलिमायोसायटिसमध्ये, रक्तातले सीपीके, म्हणजे मोडलेल्या स्नायूतून झिरपणारे विकर, वाढते. मायस्थेनियात ते सहसा नॉर्मल असते. स्नायू शाबूत आहे, त्याला मज्जातंतूचा निरोप नीट पोचत नाही, एवढेच.

निरोप अडतो तो ॲसिटिलकोलीन या निरोप्या रसायनाच्या स्नायूवरच्या ग्राहींपाशी. पॅट्रिक आणि लिंडस्ट्रॉम यांनी 1973 मध्ये विजेच्या ईल माशाचे ग्राही सशांना टोचले; त्यांवर सशांत प्रतिपिंडे तयार झाली आणि ससे लुळे पडले. पुढे 1975 मध्ये टॉयका यांच्या गटाने रुग्णांची प्रतिपिंडे उंदरांना देऊन त्यांच्यातही तोच बिघाड घडवला. ग्राही पेशीच्या बाहेरच्या अंगाला असतात, तिथे प्रतिपिंड सहज पोचते. टायटिन तंतूच्या पोटात, आवरणाच्या आड. त्याला दोषी धरणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

स्नायूच्या आत कॅल्शियम सोडणाऱ्या रायनोडीन ग्राहीवरच्या प्रतिपिंडांचा दाखला प्रतिपक्ष देईल, आणि तो वजनदार आहे: ही प्रतिपिंडे प्रयोगशाळेत कॅल्शियम सुटण्यात अडथळा आणतात. पण तिथे आवरण आधीच काढलेले असते. जिवंत तंतूत ती आत शिरून हेच करतात, हे सिद्ध व्हायचे आहे.

मग टायटिनची तपासणी निरुपयोगी? हे दुसरे टोक, आणि तेही मला पटत नाही. थायमोमा, म्हणजे छातीतल्या थायमस ग्रंथीची गाठ, असलेल्या रुग्णांत ही प्रतिपिंडे फार मोठ्या प्रमाणात आढळतात; गाठीच्या पेशींवर टायटिनसारखेच तुकडे दिसतात, तिथेच प्रतिकारशक्तीची दिशाभूल होत असावी. म्हणून पन्नाशीच्या आतल्या रुग्णात टायटिनचा अहवाल फार बोलका. साठीनंतर मात्र गाठ नसतानाही तो पुष्कळदा पॉझिटिव्ह येतो. ‘पॉझिटिव्ह म्हणजे गाठच’ हे समीकरण खडकीतल्या सत्तरीच्या पेन्शनराला लावले तर घर उगाच हादरते.

छातीचा सीटी स्कॅन त्यांचाही करायचाच, कारण मायस्थेनियाचे निदान झाले की तो सगळ्यांचाच करतात, टायटिन काहीही म्हणो. पण दर तिमाहीला टायटिनची तपासणी पुन्हा करून आकडा किती उतरला ते बघण्यात पैसे घालवू नयेत. औषध लागू पडते आहे की नाही हे संध्याकाळची पापणी आणि जेवताना लागणारा वेळ जास्त खरे सांगतात. तिशीतल्या मुलीचा स्कॅन स्वच्छ आणि टायटिन पॉझिटिव्ह असेल, तर मात्र ती फिल्म दुसऱ्या रेडिओलॉजिस्टला जरूर दाखवावी.