फॅराडे पिंजरा आणि बिनतारी किल्ली

विद्युत् संवाहक द्रव्याच्या बंदिस्त आवरणामुळे आतील जागेचे बाहेरच्या विद्युत् क्षेत्रापासून संरक्षण होते. अशा आवरणास फॅराडे पिंजरा म्हणतात. मोटारीची बिनतारी किल्ली ज्या धातूच्या डबीत वा धातुमय धाग्यांच्या पिशवीत ठेवतात, ती याच पिंजऱ्याची लहान आवृत्ती होय.

बेंजामिन फ्रँक्लिन (१७०६—९०) यांनी विद्युत् भारित चांदीच्या भांड्यात रेशमी दोऱ्याने बुचाचा गोळा सोडला, तेव्हा तो आतील बाजूकडे ओढला गेला नाही. याचे कारण आपणास माहीत नाही, असे त्यांनी १७५५ मध्ये प्रांजळपणे लिहून ठेवले. मायकेल फॅराडे (१७९१—१८६७) यांनी १८३६ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १२ फूट बाजूचा घनाकृती लाकडी सांगाडा उभारून तो तांब्याच्या तारा, कागद व कथिलाचा वर्ख यांनी मढविला. पेटत्या मेणबत्त्या व विद्युत् मापके घेऊन ते स्वतः आत बसले. बाहेरील पृष्ठभागावरून ठिणग्या उडत असताना आतील उपकरणांवर कसलाही परिणाम दिसला नाही.

फॅराडे यांचा प्रयोग स्थिर विद्युतेचा होता. बदलत्या क्षेत्राची गोष्ट वेगळी असते. वेगाने आंदोलणारा प्रवाह संवाहकाच्या पृष्ठभागालगत एकवटतो, हे १८८३ मध्ये होरेस लँब यांनी गोलाकार संवाहकांबाबत दाखविले व ऑलिव्हर हेव्हिसाइड यांनी १८८५ मध्ये त्यास व्यापक रूप दिले. कंप्रता जितकी कमी, तितका धातूचा थर जाड लागतो. किल्लीच्या बाबतीत नेमकी येथेच अडचण येते.

दुरून कुलूप उघडण्याची सोय १९८२ मध्ये रेनो फ्वेगो या फ्रेंच मोटारीत अवरक्त किरणांच्या साहाय्याने करण्यात आली. पुढे रेडिओ तरंग, दर वेळी बदलणारे संकेत आणि अखेरीस खिशातून बाहेरही न काढावी लागणारी किल्ली आली. या शेवटच्या प्रकारात मोटार सु. १२५ किलोहर्ट्‌झचा, एक-दोन मीटरच पोहोचणारा क्षीण संदेश सोडते; किल्ली त्यास ४३३ किंवा ३१५ मेगॅहर्ट्‌झवर उत्तर देते. उत्तर गूढलिपीत असल्याने किल्ली खरी आहे हे सिद्ध होते, पण ती जवळ आहे हे सिद्ध होत नाही. ते केवळ गृहीत धरलेले असते.

ही उणीव जॉन कॉनवे यांच्या १९७६ मधील एका बुद्धिबळाच्या कोड्यात आढळते. नवशिक्या खेळाडू दोन निष्णातांशी टपालाने खेळतो आणि एकाची खेळी दुसऱ्यास कळवत राहतो; त्यास स्वतः बुद्धिबळ येण्याची गरजच नसते. चोरही तेच करतो. त्याचा एक साथीदार मोटारीजवळ व दुसरा घराच्या भिंतीजवळ उभा राहतो आणि उपकरणांद्वारे मोटारीचा संदेश किल्लीपर्यंत पोहोचविला जातो. झुरिक येथील तंत्रविद्यापीठातील फ्रान्सियाँ, डानेव्ह व चापकुन यांनी ८ उत्पादकांच्या १० मोटारींवर हा प्रयोग केला. त्यांनी २०११ मध्ये जाहीर केल्याप्रमाणे दहाही मोटारी फसल्या. इंग्लंडमधील सॉलिहल येथील अशा एका चोरीचे चित्रण पोलिसांनी नोव्हेंबर २०१७ मध्ये प्रसिद्ध केले, चोरीस सु. एक मिनिट लागले होते. काच फुटत नाही, कुलूप तुटत नाही. त्यामुळे चोरी झाली हे विमा कंपनीस पटवून देणे मालकास जड जाऊ शकते.

१२५ किलोहर्ट्‌झला ॲल्युमिनियममधील प्रवेश-खोली सु. ०·२३ मिमी. असते, तर ४३३ मेगॅहर्ट्‌झला ती ०·००४ मिमी. इतकीच भरते. स्वयंपाकघरातील वर्ख सु. ०·०१६ मिमी. जाडीचा असतो. म्हणजे मोटारीची हाक त्यातून काही अंशी आत शिरते; अडते ते मुख्यत्वे किल्लीचे उत्तर, आणि तेही वर्खाच्या कडा नीट मिटलेल्या असतील तरच. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा अधिक भरवशाचा. पिशवीच्या घड्या झिजतात. म्हणून ती मोटारीच्या दाराशी नेऊन पाहणे हीच तिची खरी परीक्षा होय. दार उघडले, तर पिशवी निरुपयोगी. दुसरी, राखीव किल्ली हमखास विसरली जाते. सूक्ष्मतरंग भट्टीत किल्ली ठेवण्याचा सल्लाही ऐकू येतो. चुकून भट्टी सुरू झाल्यास किल्ली जळते, हे लक्षात घेता तो देण्याजोगा नाही.

उत्तर यायला लागलेला वेळ मोजून अंतर ठरविण्याची पद्धत स्टेफान ब्रँड्स व डेव्हिड चौम यांनी १९९३ मध्येच सुचविली होती. प्रकाश एका नॅनोसेकंदात सु. ३० सेंमी. जातो, तेव्हा मापन त्या प्रमाणात सूक्ष्म हवे. अतिविस्तृत पट्ट्याच्या रेडिओ तरंगांमुळे ते साधले आणि २०१८ पासून अशा किल्ल्या काही मोटारींत येऊ लागल्या. फोर्ड कंपनीने २०१९ मध्ये याहून स्वस्त तोड काढली : ४० सेकंद न हललेली किल्ली उत्तर देणे थांबविते. खिशात घेऊन चालणाऱ्याची किल्ली मात्र उत्तर देतच राहते.