वीस टक्के कष्ट, ऐंशी टक्के फळ? जरा गिरणीत डोकावून बघू

मागच्या पावसाळ्यात पालीत बांधावर बसलो होतो. समोर राजगड ढगात, खाली लावणी उरकत आलेली. महामार्गालगतच्या एका कारखान्यात लागलेला पुतण्या रजा काढून आला होता. कंपनीत ट्रेनिंग झालं, त्याचं सांगत होता. "काका, ८०-२० चा नियम असतो. ८० टक्के रिझल्ट २० टक्के कामातून येतो, बाकी आपण उगाच दमतो."

त्याची आजी चिखलातून वर न बघता म्हणाली, "मग ते वीस टक्के कुठलं ते सांग बाबा. तेवढंच लावू."

सगळे हसले. पण म्हातारीचा प्रश्न खरा आहे. राब भाजला नाही तर रोप नाही, चिखलणी केली नाही तर लावणी नाही. आणि एवढं सगळं करूनही काढणीच्या वेळी पाऊस आला तर भात आडवा.

त्याच ट्रेनिंगमध्ये दुसऱ्या दिवशी सांगितलं म्हणे, जितके कष्ट तितकं फळ. म्हणजे आदल्या दिवशीच्या बरोबर उलट! दोन्ही नियमांत सारखं एकच : फळ मिळालं नाही तर चूक तुमची.

हा ८०-२० आला कुठून? परेटो नावाचा इटालियन अर्थशास्त्रज्ञ होता. त्यानं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी उत्पन्न आणि संपत्तीची वाटणी किती विषम असते ते आकड्यांत मांडलं. कामगारानं कसं काम करावं याबद्दल तो बोलत नव्हता. पुढे अमेरिकेत जोसेफ जुरान या गुणवत्ता-तज्ज्ञानं पाहिलं, की कारखान्यातले बहुतेक दोष मोजक्या कारणांमुळे येतात. त्याला त्यानं परेटोचं नाव दिलं. ते नाव चुकीचं दिलं, हे त्यानंच १९७५ मध्ये कबूल केलं. थोडक्यात, वाटणीतल्या विषमतेचा अभ्यास फिरत फिरत कष्टाचा मंत्र झाला.

कष्ट आणि फळाचा हिशोब कारखान्यात खरा कसा चालतो, ते फ्रेडरिक टेलरच्या १९११ च्या पुस्तकात सापडतं. आजच्या 'एफिशियन्सी'चा हा मूळपुरुष. बेथलहेमच्या पोलाद कारखान्यात एक मजूर दिवसाला साडेबारा टन लोखंड वाहायचा. टेलरच्या पद्धतीनं तो साडेसत्तेचाळीस टन वाहू लागला. मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलर झाली. काम जवळजवळ चौपट, मजुरी दीडपटीहून थोडी जास्त. हे टेलर स्वतः अभिमानानं सांगतो.

हेच वारं मुंबईच्या गिरण्यांत आलं. कोकणातून, घाटावरून, आपल्या मावळातून गेलेली माणसं तिथं राबत होती. १९२८ च्या सुमारास मालकांनी 'एफिशियन्सी' आणली. विणकरानं दोनऐवजी तीन माग सांभाळायचे, सूतकताईत साच्याची एक बाजू बघणाऱ्यानं दोन बाजू बघायच्या. युक्तिवाद असा, की लँकेशायरमध्ये एक विणकर चार माग सांभाळतो, तुम्हाला तीन जड का?

कामगारांचं उत्तर साधं होतं. कापूस बघा. आखूड धाग्याच्या हलक्या कापसातून बारीक सूत काढलं की ते सारखं तुटतं. मग माणूस तुटलेले धागे जोडण्यातच दमतो. त्याचे कष्ट वाढतात, कापड वाढत नाही. वर, खराब निघालेलं कापड विणकराच्याच गळ्यात मारून पैसे पगारातून कापायचे. कापूस मालकानं घेतला, साचा मालकाचा, आणि आळशी कोण? विणकर.

त्या वर्षी दीड लाखाच्या आसपास कामगार सहा महिने संपावर होते. मागण्या सतरा होत्या. ऑक्टोबरमध्ये तडजोड झाली आणि वाद फॉसेट समितीपुढे गेला.

आणखी एक गोष्ट याच संपातली, जी आपण सोयीनं विसरतो. साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, पगार बरा होता. पण तिथं अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता, कारण धागा तोंडानं ओढावा लागायचा आणि इतरांना विटाळ व्हायचा. डॉ. आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांना यावर जाब विचारला. आता सांगा, त्या कामगारानं किती कष्ट केले असते म्हणजे साळखात्याचं दार उघडलं असतं? ८० टक्के? २०० टक्के?

मेहनत करू नका, असं मी म्हणत नाही. ज्याच्या घरात शेती आहे त्याला ते सांगताही येत नाही. पण कष्ट आणि फळ यांच्या मध्ये बरंच काही असतं. कापूस कसा, साचा कसा, दार कुणासाठी उघडं, पाऊस कधी. नियम सांगणारा या मधल्या गोष्टी गाळतो आणि सगळा भार माणसाच्या डोक्यावर ठेवतो.

निघताना पुतण्या सहज बोलून गेला. लाईनवर आधी चौघं होते, ट्रेनिंगनंतर तिघं आहेत. माल तेवढाच निघतो, म्हणून साहेब खूश.

त्याला म्हटलं, पुढच्या ट्रेनिंगला हात वर कर आणि एवढंच विचार : चौथ्याचा पगार कुठं गेला?

तुमच्याकडे काय चाललंय? लिहा.