उपऱ्याचा वाटा : स्थलांतर व परक्याचे स्वागत यांविषयीचा इव्हँजेलिकल ख्रिस्ती विचार

परगावाहून किंवा परमुलखातून आलेल्या माणसाशी ख्रिस्ती मंडळीने कसे वागावे, याविषयी इव्हँजेलिकल म्हणजे सुवार्तावादी परंपरेने बायबलच्या आधारे केलेला विचार. प्रॉटेस्टंट ख्रिस्ती लोकांमधला हा प्रवाह कोणा एका चर्चचा नाही. बायबलचे प्रामाण्य, वधस्तंभावरील ख्रिस्ताचे मरण, माणसाच्या अंतःकरणाचा पालट आणि श्रद्धेप्रमाणे कृती या चार गोष्टींवर त्याचा भर असतो, असे ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड बेबिंग्टन यांनी १९८९ मध्ये मांडले आणि अभ्यासक बहुधा तीच व्याख्या धरून चालतात. सातारा-सांगलीकडे हा प्रवाह अमेरिकन मिशनऱ्यांबरोबर आला. साताऱ्यात व वाईत अमेरिकन मराठी मिशनने काम उभारले, कोल्हापूर, सांगली आणि मिरजेत प्रेस्बिटेरियन मिशनने. त्यांच्यापासून उभ्या राहिलेल्या अनेक मंडळ्या १९७० पासून चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा भाग आहेत. परक्याला जवळ करणे हे दयाळू माणसाचे ऐच्छिक पुण्यकर्म आहे, असा समज ख्रिस्ती घरांतही आढळतो. बायबल हेच अंतिम प्रमाण मानणाऱ्याला तो समज धरता येत नाही. त्या ग्रंथात उपऱ्याचा वाटा हक्क म्हणून नेमून दिलेला आहे, आणि इव्हँजेलिकल विचाराची खरी कसोटी या हक्कापाशी लागते.

या हक्काचे मूळ शेतात आहे. लेवीय आणि अनुवाद या पुस्तकांतला नियम असा की पीक कापताना शेताच्या कडा सोडाव्यात, खाली पडलेली कणसे उचलू नयेत, विसरलेली पेंढी आणायला माघारी जाऊ नये आणि द्राक्षमळा दुसऱ्यांदा खुडू नये. उरेल ते गरीब, विधवा, अनाथ आणि उपरी यांचे. मालकाने वेचून मग वाटावे, असे तेथे म्हटलेले नाही. गरजवंताने स्वतः शेतात शिरून घ्यावे आणि मालकाने त्याला अडवू नये, अशी ती व्यवस्था आहे. कृष्णाकाठच्या वाचकाला ही गोष्ट परकी वाटू नये. दिवाळीच्या सुमारास बीडकडून ऊसतोड टोळ्या येतात, उसाच्या फडाजवळ किंवा कारखान्याच्या आवारात कोप्या पडतात, आणि तोड सुरू झाली की उसाचे वाढे टोळीचे, असा रिवाज आहे. दिवसभर मोळ्या बांधून झाल्यावर बाया वाढ्यांच्या पेंढ्या बांधतात आणि संध्याकाळी दुभत्या जनावरांच्या मालकांना विकतात. रोजचे तेल-मीठ, भाजीपाला त्यातून निघतो, कारण मजुरी मुकादमाकडून घेतलेल्या उचलीत आधीच वळती झालेली असते. एखादा शेतकरी वाढे आपल्याला हवेत म्हणून हटून बसला, तर टोळी ते आपल्यावर अन्याय झाला असेच धरते. भीक नाकारली असे धरत नाही. रूथच्या पुस्तकात नेमकी अशीच बाई आहे. मवाब देशातली, विधवा, सासूबरोबर बेथलेहेमात आलेली, आणि सातूच्या कापणीत मजुरांच्या मागे कणसे वेचणारी. शेताचा मालक बवाज तिला अडवत नाही. उलट गड्यांना तिच्या वाटेला न जाण्याची ताकीद देतो आणि प्यायचे पाणीही तिच्यासाठी मोकळे करतो. परमुलखातून आलेल्या एकट्या मजूर बाईला काय सोसावे लागते हे लेखकाला ठाऊक होते. मत्तयाच्या शुभवर्तमानातील येशूच्या वंशावळीत या मवाबी बाईचे नाव आहे, आणि त्याच पुस्तकात हेरोदाच्या भीतीने आईबाप बाळ येशूला घेऊन मिसरात पळून जातात. ज्याची उपासना करायची त्याचे बालपण आश्रित म्हणून सुरू झाले, हे मान्य करणाऱ्याला आश्रितांचा प्रश्न निव्वळ राजकारणाचा म्हणून बाजूला ठेवता येणार नाही.

नियमशास्त्र या आज्ञेचे कारणही सांगते: तुम्ही स्वतः मिसरात उपरे होता. म्हणजे आधार दयेचा नाही, स्मरणाचा आहे. सातारा-सांगलीला असे स्मरण शोधायला लांब जावे लागत नाही. खानापूर, आटपाडी, तासगावच्या दुष्काळी पट्ट्यातली माणसे सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी केरळ, तमिळनाडूपासून दिल्ली-कोलकात्यापर्यंत पांगली. विट्याच्या परिसरात एक तरी भाऊ किंवा पुतण्या गलाईला गेलेला नाही असे घर विरळा. पाटण-जावळीचे गडी मुंबईच्या गोदीत आणि बाजारपेठांत पाठीवर ओझी वाहत होते. पाटण तालुक्यातलेच अण्णासाहेब पाटील यांनी त्यांना संघटित केले आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. कोयना धरणाने उठवलेली गावे दुसऱ्या जिल्ह्यांत जाऊन वसली. आपला माणूस परमुलखात भाड्याच्या खोलीत राहतो, तिथली भाषा तोडकीमोडकी बोलतो, पोलिसाने हटकले तर घाबरतो, हे ज्या जिल्ह्याला माहीत आहे, त्याने कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत आलेल्या बिहारी कामगाराकडे संशयाने पाहावे, हे त्या स्मरणाशी विसंगत आहे. स्थानिक ख्रिस्ती मंडळीला आणखी एक स्मरण आहे. तिच्यातली बहुसंख्य कुटुंबे ज्या जातींतून आली त्यांना गावकुसाबाहेर ठेवलेले होते. जन्मगावातच ती परकी होती. या मंडळीने परक्याबद्दल बोलताना यजमानाच्या खुर्चीवरून बोलू नये.

पहिला गंभीर आक्षेप कायद्याचा आहे. रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात पौल सत्ताधाऱ्यांच्या अधीन राहायला सांगतो. मग कागदपत्रांविना आलेल्या माणसाला आसरा देणे हे त्या आज्ञेचे उल्लंघन नव्हे काय? देशाला सीमा असाव्यात, प्रवेशाचे नियम असावेत, हे इव्हँजेलिकल विचाराला मान्य आहे. नियमशास्त्रही देशज आणि उपरी यांना एकच कायदा लावते आणि उपऱ्यावर कर्तव्येही घालते. पण राज्याचे काम वेगळे आणि मंडळीचे वेगळे. दाराशी आलेल्या भुकेल्याला भाकरी देण्याआधी त्याचे कागद तपासण्याचे काम पौलाने मंडळीकडे दिलेले नाही. शिवाय या परंपरेचा महाराष्ट्रातला आरंभच परवाना नसलेल्या परदेशी माणसांनी केला आहे. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले तेव्हा त्यांना परत पाठवून द्यावे, असा कलकत्त्याच्या कंपनी सरकारचा हुकूम होता. हद्दपारी टाळण्यासाठी ते गुपचूप जहाजाने कोचीनकडे निघाले आणि तिथून त्यांना परत आणण्यात आले. गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांच्याकडे त्यांनी विनवण्या केल्या, नेपियन यांनी अंमलबजावणी लांबवली, आणि अखेर त्यांना राहू दिले गेले. साताऱ्यापर्यंत पोहोचलेले अमेरिकन मराठी मिशन या राहू देण्यातून उभे राहिले. त्या काळी नियम अक्षरशः पाळला गेला असता तर सातारचे मिशन ज्या पायावर उभे राहिले तो पायाच पडला नसता. म्हणून कायदा मोडावा असे यातून निघत नाही. कायदा राबवणाऱ्याला विवेकाला जागा असते आणि कायदा बदलताही येतो, एवढे मात्र नक्की निघते. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही, त्यामुळे येथे ही विवेकाची जागा जास्तच महत्त्वाची ठरते.

स्वागताच्या चर्चेत मिरजेचे उदाहरण नेहमी दिले जाते, पण ते नीट वाचले पाहिजे. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वॉनलेस अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे १८८९ मध्ये सांगलीत आले. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांनी जागा दिली, फिलाडेल्फियाच्या जॉन कॉन्व्हर्स यांनी इमारतीला पैसे दिले आणि १८९४ मध्ये रुग्णालय सुरू झाले. पुढे वैद्यकीय शाळा आली, कुष्ठरोग्यांसाठी निवारा झाला, सांगली-मिरजेच्या मधोमध क्षयरोग्यांचे आरोग्यधाम झाले, आणि त्या जागेला वानलेसवाडी हे नाव पडले. पुणे, कोल्हापूर, बेळगाव आणि पंढरपूरकडच्या रेल्वे मिरजेत एकत्र येत असल्याने विजापूर-बेळगावकडचा कानडी रुग्ण आणि सोलापूरकडचा मराठी रुग्ण शेजारच्या खाटांवर असत. रुग्णाबरोबर आलेले नातलग गाठोड्यात पीठ-मीठ घेऊन यायचे. परगावच्या आजाऱ्याला सामावून घेणारे गाव ही मिरजेची ओळख तेव्हापासूनची आहे. एवढे खरे असले तरी मिशनरी हा बायबलमधला दुबळा उपरी नव्हता. त्याच्या पाठीशी साम्राज्याचे संरक्षण होते आणि समुद्रापलीकडचा पैसा होता. त्याने दिलेली सेवा मोठी होती, पण स्वागताचा धडा या कथेत मुख्यतः दुसऱ्या बाजूने येतो. वेगळ्या देवाचे नाव घेऊन आलेल्या माणसाला ब्राह्मण संस्थानिकाने जमीन दिली. मिरजेत यजमान हिंदू होता आणि पाहुणा इव्हँजेलिकल; मिशनच्या कहाण्यांत हा क्रम अनेकदा उलटा सांगितला जातो, तो सुलटा करायला हवा.

सर्वांत धारदार आक्षेप धर्मांतराचा आहे: स्वागत हे माणसे ओढण्याचे साधन आहे, असा. त्याचे उत्तर पंडिता रमाबाईंच्या कार्याला वगळून देता येत नाही. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात रमाबाईंचे आईवडील उपासमारीने गेले. भावाबरोबर पायी देश तुडवत त्या कलकत्त्याला पोहोचल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली व विधवा आणल्या, प्लेगच्या निर्बंधांमुळे पुण्यात ठेवता येईना तेव्हा केडगावच्या जमिनीवर हलवल्या, आणि १९०० च्या दुष्काळात गुजरातमधल्याही आणल्या. हिंदी, गुजराती, मराठी बोलणाऱ्या, एकमेकींना अनोळखी अशा या बायका मुक्ती मिशनमध्ये एकत्र राहिल्या. समाजाने टाकलेल्यांसाठी तिथे कृपासदन होते. भुकेचा अनुभव घेतलेल्या बाईने भुकेल्यांना गोळा केले, यात आज्ञा आणि स्मरण दोन्ही पाळले गेले. पण मुक्तीत बाप्तिस्मेही मोठ्या संख्येने झाले, आणि त्याआधी १८९३ मध्ये रमाबाईंच्याच शारदासदन या आश्रमातल्या मुली ख्रिस्ती प्रार्थनेकडे वळू लागल्या तेव्हा रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. उपासमारीतून नुकत्याच सुटलेल्या मुलीची संमती कितपत मोकळी, हा प्रश्न त्यांनी विचारला नसता तरी आपण विचारलाच पाहिजे. इव्हँजेलिकल माणूस सुवार्ता सांगणे सोडणार नाही. तिच्याखेरीज ती परंपराच राहत नाही. त्याच्याकडून मागता येते ते एवढेच, आणि ते पुरेसे आहे: नकार देणाऱ्याचे काहीही बिघडता कामा नये. भाकरी, अंथरूण, शाळा, औषध यांतले काही कमी होता कामा नये. कडेची कणसे वेचणाऱ्याला त्याचा देव कोणता हे विचारले जात नव्हते. वाटा हक्काचा असेल तर त्याची किंमत घेता येत नाही, आणि बाप्तिस्मा ही किंमत ठरली की तो वाटा उरत नाही, व्यवहार होतो. साताऱ्यात १९१७ मध्ये रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी मिशनची नोकरी सोडून देवाचा दरबार उभा केला आणि बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून तिथे स्थान दिले. स्थलांतरितांसाठी तो प्रयोग नव्हता, आणि १९१९ मध्ये टिळक गेल्यावर त्याला फारसा आधार उरला नाही. आत घेण्याची अट सैल करता येते, हे मात्र याच मातीतल्या एका निष्ठावंत ख्रिस्ती माणसाने दाखवून दिले.

आधी आपली माणसे, हा आक्षेप चर्चच्या आतून येतो. गलतीकरांस पत्रात विश्वासाच्या घराण्याला प्राधान्य दिलेले आहे, तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात घरच्यांची तरतूद न करणाऱ्याला दोष दिलेला आहे, आणि ही वचने खरीच आहेत. मात्र गलतीकरांतले वाक्य सर्वांचे बरे करण्याच्या आज्ञेपासून सुरू होते. २०२१ च्या फेब्रुवारीत म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता घेतल्यावर तिथल्या चिन जमातीचे हजारो लोक मिझोराममध्ये आले. त्यांना परत पाठवा अशी केंद्राची सूचना असतानाही तिथल्या प्रेस्बिटेरियन व बॅप्टिस्ट मंडळ्यांनी आणि गावांनी त्यांना ठेवून घेतले. गौरव करावा असे ते काम आहे, आणि तरीही आलेले रक्ताचे आणि श्रद्धेचे नातलग होते. चांगल्या शोमरोनीच्या दृष्टान्तात अवघड बाजू वेगळी आहे: मदत करणारा आणि जखमी पडलेला धर्मावरून एकमेकांशी वैर असलेल्या समाजांतले आहेत. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून आलेल्या ख्रिस्ती लोकांना जागा आहे, मुसलमानांना नाही. त्या यादीत आपले नाव आहे म्हणून समाधान मानणारी मंडळी या दृष्टान्तापुढे निरुत्तर होते. अमेरिकेतला अनुभवही असाच टोचणारा आहे. तिथल्या नॅशनल असोसिएशन ऑफ इव्हँजेलिकल्सने २००९ मध्ये स्थलांतरितांच्या बाजूने ठराव केला, वर्ल्ड रिलीफ ही तिची संस्था निर्वासितांना वसवत आली, आणि तरी गोऱ्या इव्हँजेलिकल मतदारांतल्या बहुसंख्यांनी २०१६ मध्ये स्थलांतराविरुद्ध प्रचार करणाऱ्या उमेदवाराला मत दिले. लाइफवे रिसर्चच्या २०१५ च्या पाहणीत स्थलांतराविषयीचे आपले मत मुख्यतः बायबलमुळे घडले असे सांगणारे इव्हँजेलिकल सुमारे १२ टक्केच होते. ग्रंथ प्रमाण मानणाऱ्यांचे मत ग्रंथाबाहेर ठरत असेल, तर दोष ग्रंथाचा नाही.

सांगली-साताऱ्यात सीमा ओलांडून आलेले निर्वासित क्वचितच दिसतात. दुसऱ्या महायुद्धात पाचगणीत आणि शेजारी कोल्हापूरजवळ वळिवड्यात पोलिश लोक राहून गेले, तो काळ १९४८ च्या सुमारास संपला. आजचा उपरी याच राज्यातला किंवा याच देशातला आहे, त्यामुळे त्याला इथे येण्यापासून अडवणारा कायदा नाही. अडतो तो पुढे. रेशनकार्ड देशभर चालावे अशी तरतूद आता झाली आहे, पण कोपीत जन्मलेल्या बाळाचे लसीकरण, हंगामात बुडणारी पोरांची शाळा, फडात गरोदर बाईला न मिळणारी विश्रांती हे प्रश्न कार्डाने सुटत नाहीत. टोळीच्या मुलांसाठी साखरशाळा काही कारखान्यांनी चालवल्या, त्यांतल्या काही बंद पडल्या. मिशनच्या काळापासून शाळा, वसतिगृहे आणि दवाखाने चालवण्याचा अनुभव असलेल्या मंडळ्या या पट्ट्यात आहेत. ऑक्टोबर ते मार्च असा हंगाम धरून टोळीच्या मुलांसाठी वर्ग चालवायला आणि आठवड्यातून एकदा फडावर परिचारिका पाठवायला नव्या धर्मसिद्धान्ताची गरज लागत नाही. टोळीतली बहुतेक माणसे हिंदू असतात, बौद्धही असतात, आणि हंगाम संपला की गावी परततात. त्यांच्यातून चर्चचे सभासद वाढण्याची शक्यता नगण्य आहे, आणि म्हणूनच या कामात वाटा आणि किंमत यांची सरमिसळ होण्याचा धोका सर्वांत कमी आहे.