केडगावच्या रमाबाई

शाळेच्या पुस्तकात पंडिता रमाबाई आपल्याला चार ओळींत भेटल्या होत्या. टाळेबंदीत माझी नोकरी गेली, तेव्हा त्यांचं चरित्र मी सावकाश वाचलं.

दुष्काळाने त्यांचे आईवडील आणि बहीण नेली. पुढे भाऊ गेला आणि १८८२ मध्ये पतीही. पदरात लहानगी मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. दुःख संपलं नाही, पण त्या श्रद्धेत त्यांना आनंद आणि आधार सापडला.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो अनाथ मुली, विधवा घेऊन आल्या. स्वतः दुष्काळात पोरक्या झालेल्या बाईंना त्यांची भूक सांगावी लागली नाही. केडगावच्या मुक्ती सदनात त्या मुली शेती, विणकाम, छपाई शिकल्या. १९२१ मध्ये मनोरमाही गेली. तरी रमाबाईंनी बायबलचं मराठी भाषांतर पुरं केलं आणि १९२२ मध्ये डोळे मिटले.

मी ख्रिस्ती नाही. पण त्या वर्षी रोज सकाळी उठून कामाला लागण्याचं बळ मला रमाबाईंनी दिलं. मित्रहो, कुणाचे दिवस सध्या कठीण असतील, तर पुणे-दौंड मार्गावर केडगावला उतरा. मुक्ती मिशन आजही तिथे चालू आहे.