२०२ वर्षांनीं झालेली घटनादुरुस्ती

राज्यघटना हा राष्ट्राचा मूलभूत कायदा. तो वरचेवर बदलूं लागला तर त्याचें मूलभूतपण उरत नाहीं. आणि मुळींच बदलतां येईनासा झाला तर तो मोडल्यावांचून राष्ट्राला पुढें जातां येत नाहीं. या पेचांतून वाट काढण्यासाठीं अमेरिकेच्या घटनाकारांनीं १७८७ सालीं घटनेंत पांचवें कलम घातलें. त्यांतील नित्याची रीत अशी : काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनीं दोन-तृतीयांश मतांनीं दुरुस्ती सुचवावी आणि तीन-चतुर्थांश घटक राज्यांनीं ती मान्य करावी. राष्ट्राध्यक्षाच्या स्वाक्षरीची तींत आवश्यकता नाहीं. परंतु राज्यांनीं किती काळांत मान्यता द्यावी, याविषयीं कलमांत एक अक्षरही नाहीं.

या मौनाचा अर्थ उलगडण्यास दोन शतकें लागलीं. १७८९ सालीं जेम्स मॅडिसन यांनीं पहिल्या काँग्रेसपुढें एक दुरुस्ती मांडली. सभासदांनीं स्वतःच्या वेतनांत केलेला फेरबदल प्रतिनिधिगृहाची पुढील निवडणूक होईपर्यंत अमलांत येऊं नये, असा तिचा आशय होता. आपल्या पोळीवर तूप ओढून घेणाऱ्यास आधीं मतदारांपुढें उभें राहावें लागावें, हा हेतु. काँग्रेसनें त्या वर्षीं राज्यांकडे १२ दुरुस्त्या पाठविल्या. त्यांतील १० दुरुस्त्या १७९१ सालीं मान्य होऊन त्यांची नागरिकांच्या हक्कांची सनद बनली; ही मात्र मागें राहिली. १८७३ सालीं काँग्रेसनें मागील तारखेपासून आपलें वेतन वाढविलें, तेव्हां संतापलेल्या ओहायो राज्यानें तिला मान्यता दिली. पुढें ती पुन्हां विस्मृतींत गेली.

१९८२ सालीं टेक्सास विद्यापीठांतील ग्रेगरी वॉटसन या विद्यार्थ्यानें ही दुरुस्ती अद्याप जिवंत असल्याचें एका निबंधांत प्रतिपादन केलें. निबंधास ‘सी’ श्रेणी मिळाली. वॉटसननें मात्र राज्योराज्यींच्या विधिमंडळांना पत्रें पाठविण्याचा सपाटा लावला. १९८३ सालीं मेन, १९८४ सालीं कोलोरॅडो, अशीं एकामागून एक राज्यें अनुकूल होत गेलीं. ७ मे १९९२ रोजीं मिशिगननें मान्यता दिली आणि ५० पैकीं ३८ राज्यांची अट पुरी झाल्याचें मानलें गेलें.

आतां प्रश्न उरला तो कालमर्यादेचा. १९१७ सालच्या दारूबंदीच्या दुरुस्तीपासून काँग्रेस सात वर्षांची मुदत घालूं लागली होती. १७८९ च्या दुरुस्तीस तसें बंधन नव्हतें. मान्यता वेळेवर आली कीं नाहीं हें काँग्रेसनेंच ठरवावें, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९३९ चा अभिप्राय होता. म्हणजे जिच्या हातांना ही दुरुस्ती बांधणार, त्याच काँग्रेसपुढें तिच्या वैधतेचा प्रश्न आला! २० मे १९९२ रोजीं प्रतिनिधिगृहानें ४१४ विरुद्ध ३ आणि सेनेटनें ९९ विरुद्ध ० मतांनीं ती वैध ठरविली. सार्वत्रिक निवडणूक त्याच नोव्हेंबरांत होती. सभासदांना मतदारांची आठवण राहावी, हा मॅडिसन यांचा हेतु दुरुस्ती वैध ठरतांनाच अंशतः सफल झाला, असें म्हणावयास हरकत नाहीं.