दुसरे महायुद्ध चरीपासून शिकवा

आपल्या वस्तीतल्या दहावी-बारावीच्या पोरांना हिटलरबद्दल एकदा विचारून बघा. "डॅशिंग माणूस होता", "एकट्याने देश उभा केला", "आपल्याकडे असाच एक पाहिजे" ही उत्तरे हमखास येतात. बोलणाऱ्याच्या गाडीवर 'जय भीम' लिहिलेले असते आणि घरात बुद्धवंदना होत असते. एसटी स्टँडवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर हिटलरच्या आत्मचरित्राचे मराठी भाषांतर यशस्वी कसे व्हावे छापाच्या पुस्तकांशेजारी मांडलेले असते, आणि ते खपते. विहारात रविवारचा वर्ग घेताना हे वारंवार ऐकल्यावर माझे मत पक्के झाले आहे. दोष पोरांचा नाही. त्यांना महायुद्ध ज्या पद्धतीने शिकवले गेले, त्या पद्धतीचा आहे.

शाळेत युद्धाची 'कारणे' पाठ करून घेतात. व्हर्सायचा अपमानास्पद तह, आर्थिक मंदी, राष्ट्रसंघाचे अपयश, हुकूमशाहीचा उदय, आणि तात्कालिक कारण म्हणजे १ सप्टेंबर १९३९ चा पोलंडवरचा हल्ला. यातले काहीही खोटे नाही. पण या मांडणीत हिटलर हा अपमानाचा बदला घेणारा नायक होऊन बसतो आणि ६० लाख ज्यूंची कत्तल ही शेवटी जोडलेली एक तळटीप होते. मुख्य म्हणजे हे सगळे दूर कुठेतरी घडले, आपला त्याच्याशी संबंध काय, असे पोराला वाटते. रायगडच्या किनाऱ्यावर बसून हे शिकवायचे असेल तर सुरुवात बर्लिनपासून कशाला? अलिबाग तालुक्यातल्या चरीपासून करा.

१९२९ साली अमेरिकेतला शेअर बाजार कोसळला आणि मंदी जगभर पसरली. जर्मनीत १९३२ पर्यंत सुमारे ६० लाख लोक बेकार झाले. त्याच मंदीत इकडे शेतमालाचे भाव पडले, भातही त्यातून सुटले नाही. तेव्हा आपला जिल्हा कुलाबा होता आणि जमीन खोताची, सावकाराची होती. कुळाने राबायचे आणि अर्धे किंवा त्याहून जास्त पीक मालकाच्या घरात ओतायचे. भाव पडले तरी मालकाचा हिस्सा कमी होत नव्हता आणि कर्ज वाढत होते.

इथे थांबून पोरांना विचारायचे, की भूक तीच, मंदी तीच, मग पुढे काय झाले? जर्मनीत ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चॅन्सलर झाला. भुकेल्या माणसाला त्याने बोट दाखवून सांगितले, तुझ्या दारिद्र्याला ज्यू जबाबदार आहे. त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला चरीत नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने कुळांनी जमीन कसायचीच नाही असा निर्णय घेतला. संप मुख्यतः आगरी कुळांचा होता. पंचवीस गावे त्यात उतरली आणि सुमारे सहा वर्षे जमिनी पडीक राहिल्या. लोकांनी लाकूडफाटा विकला, खाडीत मासे-चिंबोऱ्या पकडून दिवस काढले, पण नांगर धरला नाही. १९३४ साली बाबासाहेब चरीच्या शेतकरी परिषदेला आले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर गेला. त्यात आगरी, कुणबी आणि महार एकत्र चालले.

एकाच मंदीची ही दोन फळे आहेत. चरीच्या कुळाने लुटणाऱ्या व्यवस्थेकडे बोट दाखवले. जर्मनीतल्या बेकाराला शेजाऱ्याकडे बोट दाखवायला शिकवले गेले. 'मंदीमुळे हिटलर आला' हे वाक्य म्हणूनच अर्धवट आहे. मंदी चरीतही आली होती. जर्मनीत मंदीच्या जोडीला आणखी एक गोष्ट होती, आणि ती आपल्या ओळखीची आहे. जन्मावरून माणसाची किंमत ठरवण्याची गोष्ट.

सप्टेंबर १९३५ मध्ये न्यूरेंबर्गचे कायदे झाले. ज्यूंचे नागरिकत्व गेले. ज्यू आणि जर्मन यांच्यातले लग्न गुन्हा ठरले. आणि ज्यू कोण हे कसे ठरवले? आजी-आजोबांवरून. चारांपैकी तीन आजी-आजोबा ज्यू असले की तुम्ही ज्यू, मग तुम्ही चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतलेला असो. धर्म बदलला तरी जन्म पाठ सोडत नाही! आमच्या वर्गातल्या पोरांना हे समजावून सांगावे लागत नाही. दाखल्यावर 'बौद्ध' लिहिले तरी गाव काय म्हणते, हे त्यांना ठाऊक असते. अन्न, पाणी, लग्न, वस्ती, धंदा हे सगळे जन्मावरून ठरवणारा ग्रंथ याच जिल्ह्यातल्या महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी जाळला गेला, न्यूरेंबर्गच्या जवळपास आठ वर्षे आधी. नाझींचा ज्यूद्वेष आणि सनातन्यांची अस्पृश्यता यांच्या मुळाशी एकच विचार आहे, असे बाबासाहेबांनी ऐन युद्धकाळात परदेशातल्या परिषदेसाठी तयार केलेल्या निबंधात मांडले.

फरकही सांगायला हवा, नाहीतर आपणही घोषणाच देत राहू. नाझींना ज्यू नकोच होता, म्हणून त्यांनी मारण्याचे कारखाने उभारले. जातिव्यवस्थेला महार मरून चालणार नव्हता. मेलेले ढोर कोण ओढणार, सरकारी सांगावा कोण नेणार? तिला तो जिवंत हवा होता, पण पायाखाली. एकीकडे संपवणारी क्रूरता, दुसरीकडे शतकानुशतके वापरून घेणारी.

आणि ज्यू म्हणजे कोणी परग्रहावरचे नव्हेत, हे अलिबागच्या पोरांना तर सहज दाखवता येते. तिथे इस्रायल आळी आहे, सिनेगॉग आहे. आपले पूर्वज नवगावजवळ फुटलेल्या गलबतातून किनाऱ्याला लागले, असे बेने इस्रायल लोकांची परंपरा सांगते. ते तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना 'शनिवार तेली' म्हणे. किहीमकर, पेणकर, रोहेकर अशी गावावरून आडनावे, घरात मराठी. या किनाऱ्यावर त्यांची कत्तल कधी झाली नाही. याचा अभिमान जरूर बाळगावा, पण गावाने त्यांनाही उतरंडीत एक पायरी नेमून दिलीच, हेही सांगावे. युरोपात जन्माला आले असते तर हेच किहीमकर, पेणकर आउशवित्झच्या गाडीत असते. हे सांगितल्यावर 'डॅशिंग' हा शब्द पोरांच्या तोंडून जरा अडखळत येतो.

युद्धाचा क्रम मी फार ताणत नाही. जून १९४० मध्ये फ्रान्स पडला, जून १९४१ मध्ये हिटलर रशियात घुसला, त्या वर्षी ७ डिसेंबरला जपानने पर्ल हार्बरवर बॉम्ब टाकले. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडले, मार्चमध्ये रंगून. ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला. १९४३ साली मुंबईत रेशनिंग आले आणि बंगालमध्ये सुमारे ३० लाख माणसे भुकेने मेली. ती जर्मनांच्या नव्हे, ब्रिटिशांच्या राज्यात मेली, हे ठळक सांगायचे. १४ एप्रिल १९४४ रोजी, बाबासाहेबांच्या जयंतीच्याच दिवशी, मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकिन' ही दारूगोळ्याने भरलेली बोट फुटली आणि शेकडो माणसे गेली. उरण-मोऱ्याच्या समोरच, पाण्यापलीकडे. युद्ध इथवर आले होते.

आता आपल्या पोरांना कॉलेजात हटकून ऐकवला जाणारा प्रश्न: "१९४२ साली देश 'चले जाव' म्हणत होता, तेव्हा तुमचे बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात काय करत होते?" पोरे एकतर गप्प बसतात किंवा भांडतात. दोन्हीची गरज नाही. युद्धाची कारणे नीट कळली की उत्तर आपोआप मिळते.

भारताला न विचारता युद्धात ओढले, ही तक्रार बाबासाहेबांचीही होती. ऑक्टोबर १९३९ मध्ये मुंबई विधिमंडळात युद्धाच्या ठरावावर बोलताना त्यांनी आपली निष्ठा उघड सांगितली. स्वतःचे हित आणि देश यांत देश आधी, पण देश आणि अस्पृश्य यांच्या हितात संघर्ष आला तर अस्पृश्य आधी. जुलै १९४२ मध्ये ते मजूरमंत्री झाले. त्याच वर्षाच्या शेवटी मुंबई आकाशवाणीवरून त्यांनी कामगारांनी हे युद्ध का जिंकले पाहिजे ते सांगितले. नाझी जिंकले तर स्वातंत्र्य, समता, बंधुता हे शब्दच जगातून जातील, असा त्याचा आशय होता. इंग्रज वाईट आहेत हे त्यांना कोणी शिकवण्याची गरज नव्हती. इंग्रजांपेक्षा भयंकर काय असू शकते, हे ओळखायला मनुस्मृती वाचलेला माणूस लागत होता.

प्रश्न विचारणाऱ्यांना एक उलट प्रश्नही विचारावा. १९३१ साली रोमला जाऊन मुसोलिनीला भेटून आलेले डॉ. मुंजे कोण होते? जर्मनीच्या वंशाभिमानाचे कौतुक करणारे पुस्तक १९३९ साली गोळवलकरांच्या नावाने का निघाले? हिंदूंनी ब्रिटिश सैन्यात भरती व्हावे म्हणून सावरकर सभा घेत होते, तेव्हा ते कोणाचे मंत्री होते?

भरतीचा विषय निघालाच आहे, तर तो महाडच्या अंगाने शिकवावा. मुंबई लष्करात महारांच्या पिढ्या गेल्या. पेन्शनर झालेले सुभेदार, हवालदार महाड, दापोलीकडे वसले. बाबासाहेबांचे वडील त्यांतलेच. महाड तालुक्यातल्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकरही लष्करातून निवृत्त झालेले. पण १८५७ नंतर इंग्रजांनी 'लढवय्या जाती' नावाचे खूळ काढले, भरतीचा ओढा पंजाबकडे वळवला आणि १८९२ च्या सुमारास महारांसाठी दार बंद केले. वलंगकरांनी याविरुद्ध सरकारकडे अर्ज केला. उपयोग झाला नाही. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा, १९१७ साली, १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले आणि १९२१ साली ती मोडली. गरज सरो, वैद्य मरो. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा माणसे हवी झाली. जुलै १९४१ मध्ये बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. ती आजही आहे.

एक इशारा मात्र घरच्यांसाठी. यातून 'आम्ही जन्मतःच लढवय्ये' असा धडा काढू नका. भरतीची तयारी करणाऱ्या आपल्या पोरांना ही भाषा आवडते, पण लढवय्या जात हे इंग्रजांनी रचलेले थोतांड आहे आणि त्यानेच आपल्याला पलटणीतून बाहेर काढले होते. बाबासाहेबांनी दार उघडायला लावले ते रोजगार, शिक्षण आणि समान हक्कासाठी. आपले रक्त श्रेष्ठ म्हणणे हा तर हिटलरचाच धडा झाला.

अवघड पाने गाळू नयेत, असेही माझे म्हणणे आहे. १९४३ साली कोळसा कमी पडू लागला, तेव्हा बायकांनी खाणीत जमिनीखाली काम करण्यावरची बंदी सरकारने उठवली. मजूरमंत्री म्हणून त्या निर्णयाचा बचाव बाबासाहेबांना करावा लागला. युद्धाची निकड आहे आणि निदान समान कामाला समान वेतन मिळते आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९४६ साली बंदी पुन्हा लागू झाली. वर्गात यावर मुलींनी वाद घातला तर घालू द्या. महायुद्ध काय काय करायला लावते, हे याहून चांगले कुठे दिसणार?

आणि धडा हिरोशिमाच्या ढगावर संपवू नका. १९४५ मध्ये युद्ध संपले. पण आपल्यासाठी त्याचा शेवट मे १९४६ मध्ये झाला. ज्यांची पलटण हवी होती, त्या अस्पृश्यांची स्वतंत्र राजकीय दखल कॅबिनेट मिशनच्या योजनेत घेतली गेली नाही. जुलैमध्ये पुण्यात शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा सत्याग्रह सुरू झाला. १९२१ साली पलटण मोडली होती, आता आश्वासने मोडली. हा धागा जोडला नाही तर पुढचे संविधान सभेचे प्रकरण पोरांना आकाशातून पडल्यासारखे वाटते.

यासाठी मोठी साधने लागत नाहीत. महाड, पोलादपूरकडच्या पोरांना जुन्या ट्रंका उघडायला सांगा. पेन्शनचे कागद, पदके, डिस्चार्ज बुक, मनीऑर्डरच्या पावत्या यांचे फोटो काढून आणू द्या. आजीला विचारायला लावा, रेशनवर तेव्हा काय मिळायचे आणि घरी कोण परत आले नाही. अलिबागकडच्यांनी एका रविवारी इस्रायल आळी बघावी, नवगावला जावे. येत्या २७ ऑक्टोबरला आमचा वर्ग चरीला जाणार आहे. ज्या तालुक्यांत असे वर्ग चालतात, त्यांनी पोरांसह यावे. सोबत एकच गृहपाठ: १९३३ साली आपल्या गावातली जमीन कोणाच्या नावावर होती, ते तलाठ्याकडून, तहसील कचेरीतून काढून आणायचे.