चोर सापडला नाही तर कोण भरणार?

समजा, रस्त्यात कोणीतरी एखाद्याला जबर मारहाण करून पळून गेलं. तक्रार झाली, तपास झाला, आरोपी काही सापडला नाही. पोलिसांची फाईल बंद होते. पण हॉस्पिटलचं बिल आणि बुडालेला पगार? ते कोणी भरायचं? 'नशीब त्याचं' असं म्हणून आपण मोकळे होतो. गंमत म्हणजे हाच प्रश्न सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी बाबिलोनमध्ये पडला होता, आणि त्यांनी त्याचं उत्तर दगडावर कोरून ठेवलंय.

हम्मुराबीच्या कायद्यातली 23 आणि 24 ही कलमं बघा. दरोडेखोर सापडला नाही, तर लुटल्या गेलेल्या माणसाने देवासमोर शपथेवर सांगायचं की काय काय गेलं. मग ते शहराने आणि तिथल्या प्रमुखाने भरून द्यायचं. जीवच गेला असेल तर नातेवाइकांना एक मिना, म्हणजे साधारण अर्धा किलो चांदी. कौटिल्यही अर्थशास्त्रात तेच सांगतो : चोरीचा माल राजाने परत मिळवून द्यावा, नाही जमलं तर पदरचं द्यावं. कर घेतोस ना, मग राखण करायची जबाबदारीही तुझीच, असा हा साधा हिशोब.

आपल्याकडे तर हे अगदी गावपातळीवर चालायचं. पेशवाई बुडाल्यावर 1819 मध्ये एल्फिन्स्टनने इथल्या कारभाराचा अहवाल लिहिला, त्यात हे सविस्तर आलंय. चोरी झाली की गावच्या जागल्याने (बऱ्याच ठिकाणी हे रामोशी किंवा भिल्ल असत) पावलांचा माग काढायचा. माग दुसऱ्या गावच्या शिवेत गेला आणि तिथल्या जागल्याची खात्री पटली, की पुढची जबाबदारी त्याची. माग जिथे संपेल, ते गाव भरपाई देणार! जागल्याने ऐपतीप्रमाणे द्यायचं, उरलेलं सगळ्या गावाकडून वसूल. आता, हे गरीब गावावर अन्यायाचं आहे हे एल्फिन्स्टनलाही दिसत होतं. तो म्हणतो की पूर्ण रक्कम क्वचितच वसूल व्हायची, बहुतेकदा काहीतरी दंड घेऊन भागायचं. पण भरून द्यायचं हे तत्त्व मान्य होतं.

मग इंग्रजी कायदा आला. गुन्हा हा आता सरकारविरुद्धचा झाला. खटला सरकारचा, दंड सरकारजमा, आणि ज्याचं डोकं फुटलं तो फक्त साक्षीदार. 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 545 होतं, 1973 च्या संहितेत त्याचं कलम 357 झालं. कोर्ट आरोपीला भरपाई द्यायला लावू शकतं, पण त्यासाठी आरोपी सापडायला हवा, दोषी ठरायला हवा आणि त्याच्याकडे पैसे हवेत. आमच्या भाषेत सांगायचं तर 'आरोपी सापडला नाही' ही केस कोडमध्ये हँडलच केलेली नव्हती. शिवाय जे होतं तेही फारसं वापरलं जात नव्हतं. 2013 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की भरपाई द्या किंवा देऊ नका, पण विचार करा आणि कारण लिहा.

बाहेर जुना विचार परत आणला तो इंग्लंडमधल्या मार्जरी फ्राय या बाईंनी. आयुष्यभर कैद्यांसाठी झगडलेल्या या बाईंनी 1950 च्या दशकात मांडलं की पीडितांना सरकारी तिजोरीतून भरपाई मिळावी. 1958 मध्ये त्या गेल्या. 1963 मध्ये न्यूझीलंडने तसा कायदा केला, 1964 मध्ये ब्रिटनने योजना आणली. आपल्याकडे 2008 च्या दुरुस्तीने कलम 357-अ आलं, ते लागू झालं 2009 च्या अगदी शेवटच्या दिवशी. आता 1 जुलै 2024 पासून तेच भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 396 म्हणून आहे. त्यात स्पष्ट लिहिलंय : आरोपीचा शोध लागला नाही, खटलाच झाला नाही, तरी पीडित किंवा त्याच्यावर अवलंबून असलेले लोक राज्य किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करू शकतात. प्राधिकरणाने दोन महिन्यांत चौकशी पूर्ण करायची. तातडीची मदतही देता येते.

जुन्या आणि नव्यात फरक आहेच. जागल्या चोरीला गेलेल्या बैलाचेही पैसे द्यायचा. आजच्या योजनांचा भर मृत्यू, गंभीर इजा, बलात्कार, ॲसिड हल्ला अशा गुन्ह्यांवर आहे. महाराष्ट्राने 2013 मध्ये 'मनोधैर्य' आणि 2014 मध्ये पीडित नुकसानभरपाई योजना आणली. मला खटकतं ते एवढंच, की आपण याला 'सरकारी मदत' म्हणतो. मदत मागताना माणूस संकोचतो, आणि कितीतरी लोक अर्जच करत नाहीत. पण इतिहास बघितला तर ही मदत नाही, राखण करण्यात कमी पडलेल्याने द्यायचं हे देणं आहे.

तेव्हा ओळखीत कोणावर अशी वेळ आली, तर एफआयआर आणि दवाखान्याचे कागद घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जायला सांगा. आरोपी पकडला जायची वाट बघत बसू नका, अर्जाला मुदत असते.